ज्याचं खातं त्याचाच हात

सावरखिंडच्या ग्रामपंचायतीत भिंतीवर आजवरच्या सरपंचांच्या नावांचा फलक आहे. त्यातली शेवटची ओळ 'सौ. जया माऊली शेडगे' अशी आहे आणि त्या ओळीच्या बरोबर खाली जी गादीची खुर्ची आहे, तिच्यात हैबतराव शेडगे बसतो. हैबतराव म्हणजे जयाचा थोरला दीर. तो निवडून आलेला नाही, सदस्य नाही, पंचायतीचा शिपाईसुद्धा नाही. पण अख्खं गाव त्याला सरपंच म्हणतं आणि जयाला म्हणतं वहिनी. जिला मतं दिली ती वहिनी, ज्याला कुणी मत दिलं नाही तो सरपंच, आणि हे बोलताना कुणाची जीभ अडखळत नाही.

सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा हैबतरावाला खरं तर आपली बायको उषा हिलाच उभी करायची होती. पण त्याला पोरं तीन. दोनाच्या वर पोरं असली की कायद्यानं अर्ज बाद. धाकट्या भावाला, माऊलीला, जुईली ही एकच मुलगी, म्हणून माऊलीची बायको उभी राहिली. म्हणजे जयाची लायकी काय धरली, तर पोरं कमी! माऊली उरवड्याच्या कारखान्यात पाळीवर जातो. बायकोला उभी करू का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "दादा म्हणत्याल तसं," आणि कूस बदलून झोपला. जयाला कुणी विचारलंच नाही.

मासिक सभेला जया जायची. दाराजवळ प्लास्टिकची खुर्ची ठरलेली, हैबतराव खूण करील तिथं सही करायची, चहाचे कप मोजून आत पाठवायचे. आणि कागदावरची सही तरी तिच्या हातची होती. हल्ली पंचायतीचे पैसे संगणकावरून जातात. सरपंचाची डिजिटल सही पेनड्राइव्हएवढ्या एका डोंगलात असते. ते संगणकाला लावलं तर पैसे हलतात, नाही लावलं तर कुणाचा बाप आला तरी हलत नाहीत. जयाच्या नावाचं ते डोंगल हैबतरावाच्या बुलेटच्या किल्लीला लटकलेलं असायचं.

आता हीच जया दुसरीकडं कोण होती ते ऐका.

शेडग्यांनी नेरे गावाच्या बाजूची जमीन विकून घरामागं खोल्या बांधल्या आणि त्या हिंजवडीला कामाला जाणाऱ्या पोरांना भाड्यानं दिल्या. त्यांतला एक कौस्तुभ. नागपूरकडचा, सरळ, जेवताना मान खाली घालून जेवणारा. त्याला एका ऑनलाइन खेळाचा नाद होता आणि तो त्यानं जुईलीला लावला. त्या खेळात प्रत्येकानं आपला एक देश काढायचा. मग काही देशांनी मिळून संघ करायचा आणि त्या संघाचं सरकार कसं असावं ते आपणच ठरवायचं. राजा ठेवा, संसद ठेवा, नाहीतर चार म्हाताऱ्यांचं मंडळ ठेवा. घटना लिहा, निवडणुका लढवा, मंत्री व्हा, कोर्ट भरवा. सगळं लुटुपुटीचं, पण खेळाच्या मालकांच्या नियमांत बसलं पाहिजे. त्यांचा पहिलाच नियम असा की एका माणसाचं एकच खातं.

जुईली चार दिवसांत कंटाळली. जया मात्र तिच्या खांद्यावरून बघत होती. तिनं विचारलं, "ह्यात बायांना येता येतं का गं?" आणि पोरीनं हसत हसत आईला खातं काढून दिलं. देशाला नाव काय द्यायचं, असं विचारल्यावर जया पटकन म्हणाली, "माहेर."

झालं. दुपारची भांडी आवरली की जया मोबाइल घेऊन गच्चीवर जायची. मराठी बोलणाऱ्या देशांचा एक संघ होता, त्याच्या सभेत आधी ती नुसती वाचत बसली. मग एकदा कुणीतरी अध्यक्षाला न विचारता ठराव रेटायला लागला, तेव्हा तिनं दोनच ओळी लिहिल्या, अगदी शाळेतल्या शुद्ध भाषेत, की अशानं सभेची किंमत राहत नाही. तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं. पुढच्या निवडणुकीला ती उभी राहिली आणि पुढच्या वर्षी सभापती झाली. लातूरचे मास्तर, साताऱ्याचा वकील, हिंजवडीतली पोरं, सगळे 'सभापती महोदया' म्हटल्याशिवाय तोंड उघडत नसत. 'महोदया' विसरलं की जया बोलणं थांबवायची आणि परत पहिल्यापासून लिहायला लावायची. तिला ते फार आवडायचं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या परवानगीवाचून काही घडत नव्हतं.

त्याच सुमाराला संघात एक लफडं झालं. एका मंत्र्यानं आपलं खातं मित्राला वापरायला दिलं आणि मित्र त्याच्या नावानं मतं टाकत राहिला. जया अशी खवळली की विचारू नका. खेळाचे मालक काय करायचं ते करतील, पण आपल्या संघाचा वेगळा कायदा हवा म्हणून तिनं स्वतः मसुदा लिहिला. 'ज्याचं खातं त्याचाच हात. जो दुसऱ्याच्या खात्यात बसेल तो बाहेर, आणि जो आपलं खातं दुसऱ्याला देईल तोही पदावरून बाहेर.' लातूरचे मास्तर म्हणाले, देणाऱ्याला एवढी शिक्षा कशाला, त्यानं विश्वासानं दिलं. त्यावर जयानं लिहिलं, 'मतदारांनी विश्वास त्याच्यावर टाकला होता, त्याच्या मित्रावर नाही. ज्यानं तो परस्पर दुसऱ्याला दिला, पहिला चोर तोच.' कायदा एकमतानं मंजूर झाला. जयानं मोबाइल कमरेला खोचला आणि खाली येऊन हैबतरावाला चहा टाकला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच तिच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला. खेळ खेळाच्या जागी आणि घर घराच्या जागी, असं आपण सगळेच धरून चालतो.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस गोजराबाई अंगणात येऊन उभी राहिली. गोजराबाई वरच्या कातकरी वाडीतली. वाडीतल्या बाया ओढ्यातला झरा उपसून पाणी नेतात, आणि वाडीला नळ द्यायचा असं ग्रामसभेत ठरून वर्ष होत आलं होतं. नळ काही आला नव्हता. त्याऐवजी हैबतरावाच्या नव्या खोल्यांच्या दारापर्यंत सिमेंटचा रस्ता मात्र झाला होता. गोजराबाईनं काखेतला रिकामा हंडा दणकन फरशीवर आदळला.

"सरपंच कुटं हाय?"

उषा ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "ते भायेर गेल्यात."

"त्याला कोन इचारतंय? पाटीवर जिचं नाव हाय ती कुटं हाय?"

जया पीठ लागलेल्या हातानं बाहेर आली. गोजराबाई तिच्यावर तुटूनच पडली. "मला वाचता येत न्हाई, पर माझ्या नातीला येतंय. त्या रस्त्याच्या पाटीवर तिनं तुझं नाव वाचलं. आमच्या पान्याचं पैसं तू रस्त्यात गाडलंस. मत मागाया आलीस तवा माझ्या दारात बसून भाकर खाल्लीस, ती ग्वाड लागली न्हवं?"

"मावशी, खरंच मला ठाव न्हाई."

"सही तुझी आन् ठाव मला आसंल व्हय? तुझा नळ गेला खड्ड्यात. आमच्या पोरी वरनं घसरून हातपाय मोडून घेत्यात आन् ही बाय म्हंती ठाव न्हाई!" आणखीही पुष्कळ काही बोलली ती, आणि ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. हंडा उचलून निघाली तेव्हा अंगणात थुंकून गेली.

जयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. गोजराबाईचा राग नव्हता आला. जे आपण केलं नाही त्याच्या शिव्या आपण उभ्यानं ऐकल्या आणि ज्यानं केलं तो बाहेर बुलेट उडवत फिरतोय, ह्याचा राग होता. हैबतराव जेवायला आला तेव्हा तिनं ताट वाढायच्या आधीच विचारलं, "दादा, वाडीच्या नळाचं पैसं रस्त्याला लावलं का?"

"अगं, वाडीला फुडल्या साली देऊ की. रस्ता काय माझ्या एकट्याचा हाय? समदं गाव वापरतंय."

"तुमच्या खोल्यांच्या फुडं गाव कुटं हाय? आन् सही माझी हाय त्याच्यावर."

हैबतराव हसला. तो कधीच चिडत नाही, आणि चीड येते ती ह्याचीच. "तुझी काय आन् माझी काय, एकाच घरातली ना? मी घरचंच मानूस हाय, परका हाय का? तू भाकरी बग, बाकीचं मी बगतो." आणि माऊली शेजारी बसून कालवण ओरपत होता. जयानं भाकरी वाढली. पण त्या दिवशी गच्चीवर जाऊन तिनं संघाच्या सभेत असं काही जळजळीत भाषण ठोकलं की साताऱ्याचा वकील म्हणाला, महोदया, आज कुणाचं काही खरं नाही.

भाषणाचा विषयही तसाच होता. संघाच्या मुख्यमंत्र्याला सभा बरखास्त करायचा अधिकार हवा होता. रविवारी दुपारी मतदान व्हायचं होतं आणि मतं समसमान पडतील असा सगळ्यांचा अंदाज होता. तसं झालं तर सभापतीचं एक मत सगळं ठरवणार. आणि नेमकी त्याच रविवारी जयाच्या मावशीची दशक्रिया आली, धरणाच्या पाण्याच्या पलीकडल्या गावात. तिथं मोबाइलला रेंज मिळायची तर झाडावर चढावं लागतं. दहाव्याला भाची आली नाही म्हटल्यावर भावकीत वर्षभर तेच चघळलं गेलं असतं.

निघताना तिनं मोबाइल जुईलीच्या हातात ठेवला. "माझ्या खात्यात बस. सभा चालू कर, मतं घे. बरोबरी झाली तर इरोधात टाक. माजं भाषण वाचलंयस ना, तसंच."

"आई, असं चालतं का पण? तूच तर कायदा केलास ना?"

"मी सांगितलंय तेवडंच करायचं. तुझ्या मनचं कुटं हाय त्यात?" जया म्हणाली आणि टमटममध्ये बसली.

जुईलीनं इमानदारीत सगळं केलं. बरोबरी झाली, तिनं विरोधात मत टाकलं, ठराव पडला. फक्त शेवटी तिनं लिहिलं, 'ओके, वोटिंग क्लोज, थँक्स एव्हरीवन.' 'महोदया' विसरलं म्हणून माणसांना परत पहिल्यापासून लिहायला लावणारी सभापती हे कसं लिहील! हरलेल्या मुख्यमंत्र्यानं त्याच दिवशी कोर्टात तक्रार केली. आणि संघाच्या कोर्टाचा न्यायाधीश होता कौस्तुभ.

त्यानं रीतसर विचारलं, 'सभापती महोदया, रविवारी खात्यावर आपणच होता का?' खोटं बोलायला जयाला एक शब्द पुरला असता. घाईत तसं लिहिलं गेलं म्हणाली असती तरी चाललं असतं. पण ती कशाला खोटं बोलेल? तिच्या लेखी तिनं काही वावगं केलंच नव्हतं. तिनं लिहून टाकलं, 'नाही. माझ्या मुलीनं काम पाहिलं. मी सांगितलं तेच तिनं केलं.' संध्याकाळपर्यंत निकाल आला. मत बाद. सभापती पदावरून दूर. खाली कायद्याचं कलम दिलं होतं, तिचंच वाक्य, तिच्याच शब्दांत.

कौस्तुभ कामावरून येऊन अंगणात हेल्मेट काढत होता, तेवढ्यात जया घरातून धावूनच आली. "काय रे, माझ्याच घरात राहून माझीच खुर्ची काढलीस? लाज न्हाई वाटली?"

"काकू, मला स्वतःला खूप वाईट वाटलं. पण कायदा तुम्हीच..."

"मला कायदा शिकवतुया! मी काय चोराला खातं दिलं होतं? कुना परक्याला दिलं होतं? अरं, पोटची पोरगी हाय माजी! घरचंच मानूस हाय! तिचा हात काय आन् माजा हात काय, एकच..."

वाक्य पुरं झालं नाही. जयाचं तोंड उघडंच राहिलं. कौस्तुभला वाटलं, काकूंना चक्कर आली. त्यानं हेल्मेट टाकून तिला पायरीवर बसवलं आणि पाणी आणायला धावला. पायरीवर बसून जया समोरच्या फरशीकडं बघत राहिली, गोजराबाईनं हंडा आदळून जिथं टवका उडवला होता तिथं. तिला हैबतरावाचा राग आला, माऊलीचा आला, सगळ्या गावाचा आला, आणि त्या सगळ्यांहून जास्त स्वतःचा आला. पहिला चोर कोण, हे तिनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं होतं. हैबतरावानं डोंगल काही तिच्या हातातून हिसकावून घेतलं नव्हतं. पंचायतीतून आणल्या दिवशी तिनंच ते त्याच्यापुढं ठेवलं होतं, चहाच्या कपाबरोबर.

पुढच्या मासिक सभेला जया सगळ्यांच्या आधी पंचायतीत गेली आणि गादीच्या खुर्चीत बसली. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक, त्यांनी बघितलं आणि ते उगाचच कागद चाळायला लागले. सदस्य एकेक करून आले आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांत बसले. शेवटी हैबतराव आला, नेहमीप्रमाणे किल्ल्यांचा जुडगा टेबलावर टाकला आणि हसला.

"आज काय हौस आली व्हय? बस, बस. मी हितं बसतो." आणि त्यानं दुसरी खुर्ची ओढली.

"जे सदस्य नाहीत त्यांनी बाहेर बसावं," जया म्हणाली. शुद्ध भाषेत, सावकाश. तिचा हा आवाज गच्चीवरच्या त्या सभेनंसुद्धा ऐकला नव्हता, तिथं नुसती अक्षरं होती. गावानं तर नाहीच.

"काय बोलतीयास? घरातली भांडनं हितं नकोत, जया."

"हे घर नाही. भाऊसाहेब, नियम काय आहे?"

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, परत लावला आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "नियम ताई म्हणतात तोच आहे, हैबतराव."

जयानं जुडगा ओढून घेतला. किल्ल्यांची कडी घट्ट होती. डोंगल सोडवताना तिचं नख मुळातून मोडलं आणि रक्त आलं, पण तिनं कुणाला मदत मागितली नाही आणि कुणी केलीही नाही. बुलेटची किल्ली तिनं दिराच्या पुढं सरकवली. हैबतराव पहिल्यांदाच चिडलेला दिसला. लालबुंद होऊन तो दारापर्यंत गेला आणि तिथं उंबऱ्याच्या बाहेर, आत बघत उभा राहिला.

"विषय पहिला," जया म्हणाली. "वाडीचा नळ. रस्त्याचं शेवटचं बिल द्यायचं नाही, ती रक्कम आणि ह्या वर्षीची रक्कम आधी नळाला. बाजूनं कोण?" दोन बाया सदस्य होत्या, त्यांचे हात आधी वर गेले. मग उरलेल्यांनी एकमेकांकडं बघितलं, उंबऱ्याकडं बघितलं, आणि हळूहळू आणखी हात वर आले. दोघांचे नाही आले. ठराव झाला.

"विषय दुसरा. इतिवृत्तात लिहा, भाऊसाहेब. माझ्या डिजिटल सहीनं आजपर्यंत जे पैसे गेले, ती सही मी केलेली नाही. हैबतराव शेडगे यांनी केली. आणि डोंगल त्यांना मी दिलं होतं. ह्याची चौकशी व्हावी."

भाऊसाहेबांचा पेन वरच राहिला. कारण त्यांना कळत होतं की ह्या वाक्यानं आधी कुणाचा बळी जाणार. कळत हैबतरावालाही होतं. तो उंबऱ्यातून ओरडला, "येडी झालीस का? मला काय हुनार न्हाई, पद जाईल तुझं!"

"जाऊ द्या. देणाऱ्याचं जायलाच पाहिजे. लिहा, भाऊसाहेब. म्हणून तर नळाचा विषय आधी घेतला."

सभा संपली तेव्हा गोजराबाई पंचायतीच्या कट्ट्यावर बसलेली होती. हंडा शेजारी होता. तिनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं, पण तोंडावर कौतुक वगैरे काही नव्हतं. कौतुक करण्यासारखं तिला काय मिळालं होतं? पाणी अजून ओढ्यातच होतं.

"नळ येनार का?"

"ठराव झालाय, मावशी. मी पदावर ऱ्हाईन का न्हाई, ते मला सांगता यायचं न्हाई."

"तू ऱ्हा न्हाईतर जा. पर नळ आला न्हाई तर शिव्या कुनाला द्यायच्या, तेवडं सांगून ठिव. परत ठाव न्हाई म्हनू नगस."

जयानं डोंगल धरलेली मूठ पदरात गुंडाळली. नखातलं रक्त पदराला लागलं होतं.

"मलाच दे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाला देऊ नगस."